ट्रंपेटवाल्याचा दात

"काढून टाका डॉक्टर, एका दातानं काय अडतंय?" चंपालालभाऊ माझ्या खुर्चीला खेटून उभे होते. खुर्चीतला माणूस बोलू शकत नव्हता. तो फक्त हातानं नको नको म्हणत होता.

गोष्ट सत्तरच्या सुमाराची. जळगावात माझा दातांचा दवाखाना होता. चंपालालभाऊ कापसाचे व्यापारी, पण हौस नाटकांची. त्यांनी त्या संध्याकाळी एका टॉकीजमध्ये मुंबईचा कार्यक्रम ठेवला होता. चाळीसच्या सुमारास मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत इंग्रजी नाचाचे बँड वाजायचे. अशाच एका बँडवरचं ते नाटक, हिंदी संवाद आणि स्टेजवर खरी वाजणारी वाद्यं. त्या संगीताला स्विंग म्हणतात. त्यातला मुख्य ट्रंपेटवाला, गोव्याचा आग्नेलो, गाल धरून माझ्यापुढे बसला होता.

वरचा पुढचा दात. त्यावर आरशाच्या दांड्यानं हलकंच टकटक केलं तर माणूस खुर्चीतून उठला. मुळाशी पू झाला होता. आम्ही त्याला ॲब्सेस म्हणतो.

"लहानपणी जिन्यावरून पडलो होतो," आग्नेलो कसंबसं म्हणाला. "दात काळा झाला, पण दुखला नाही कधी."

म्हणजे दात आतून केव्हाच मेला होता. असा दात तेव्हा सर्रास काढत. मीही चिमटा हातात घेतला होता.

"डॉक्टर, ट्रंपेट ओठ दातावर दाबून वाजवतात. दात गेला तर ओठाला टेकू काय? मी संपलो."

"मग इंजेक्शन देऊन नुसता पू काढतो."

"ओठ बधिर होईल?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग फुंकणार कसा?"

चंपालालभाऊंनी घड्याळ पाहिलं. "सगळी तिकिटं गेलीत हो. धरणगावहून माणसं यायचीत."

एकच मार्ग उरला. बधिर न करता दाताला मागच्या बाजूनं भोक पाडायचं आणि पू वाहू द्यायचा. मेलेल्या दाताला भोक पाडताना फारसं दुखत नाही. दुखतं ते ड्रिलच्या थरथरीनं, आणि आमचं ड्रिल पट्ट्यावर चालणारं, सावकाश घरघरणारं. मी डाव्या हाताच्या बोटांनी दात घट्ट धरला. आग्नेलोनं खुर्चीचे हात धरले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही. मग पू आला, आणि त्याचे खांदे एकदम खाली आले.

"गेलं," तो म्हणाला. "ठणका गेला."

मी पेनिसिलिन दिलं आणि बजावलं, "आज वरच्या पट्टीत जाऊ नका. दात हलेल."

"डॉक्टर, शेवटचा तुकडा सगळा वरच्याच पट्टीत आहे."

मी बायकोला घेऊन कार्यक्रमाला गेलो, तो हौसेनं नाही, काळजीनं. पडदा वर गेला. सॅक्सोफोन, ट्रंपेट, ड्रम, चमकत्या कोटांतली माणसं, नाचणाऱ्या मुली. शेजारी धरणगावचे एक आबा बसले होते. ते म्हणाले, "गानं काही समजत नही, पन पाय थांबत नही. हाई काय शे?" माझी नजर आग्नेलोच्या वरच्या ओठावर होती. शेवटच्या तुकड्यात तो पुढे आला, मान मागे टाकली आणि वर, आणखी वर गेला. लोक उभे राहिले. मी बसूनच होतो.

पडदा पडल्यावर विंगेत जाऊन बॅटरीच्या उजेडात दात पाहिला. ओठ सुजला होता. दात जागच्या जागी.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"दात टिकला."

"वाजवलं कसं?"

बायको म्हणाली, "यांनी काही ऐकलंच नाही हो." आग्नेलो सुजलेल्या ओठानं हसला. "मग उद्या धुळ्याला या."

मी दवाखाना बंद ठेवला आणि एस.टी.नं धुळ्याला गेलो. दात एकदा बघून घेतला आणि मागच्या रांगेत बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा स्विंग ऐकलं. शेवटच्या तुकड्याला मीही उभा राहिलो. मुंबईला गेल्यावर त्यानं त्या दाताचं मूळ नीट साफ करून भरून घेतलं, असं पुढे चंपालालभाऊंकडून कळलं.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. पेशंटचा कार्यक्रम असला, तर दाताच्या डॉक्टरनं दुसऱ्या प्रयोगाला जावं.