मंजुळा मागे का सरली

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला अजून ठाऊक नाही. वडिलांना सांगायची राहिली आणि ते गेले. राहिली — असं म्हणायची सवय झाली आहे मला. राहिली नाही, मी सांगितली नाही. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण एकदा कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला हवं, आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ मधेच वळते हे मला आता पक्कं कळलं आहे.

मी वैशाली. हॉकी खेळायचे, बचावफळीत. काही वर्षं जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची कॅप्टन होते. ओझरच्या कॉलनीत वाढले, वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात फिटर. आज नाशिकमध्ये एका बँकेत आहे, आणि ती नोकरीही खेळाडू म्हणूनच मिळालेली.

आणि मंजुळा — मंजुळा आमच्या संघात आली तेव्हा शाळकरी होती. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेच्या मैदानावर अनवाणी खेळणारी ही मुलगी आमच्या प्रशिक्षक सरांनी पाहिली आणि उचलून शहरात आणली. फॉरवर्ड. आज ती देशाच्या संघातून खेळते. डावीकडून गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे डीमध्ये, ती अशी शिरते की समोरचीला वाटतं ही आता पडणार — आणि ती पडत नाही, चेंडू जाळ्यात असतो. तुम्ही पाहिलं असेल.

पाहिलं असेल, तर तो वादही ऐकला असेल. मंजुळा वर्ल्ड क्लास आहे का?

आमच्या शहरातल्या हॉकीवेड्यांचा एक ग्रुप आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर. संघ जाहीर व्हायची वेळ आली की हाच विषय. देवळ्याचा बाळू पगार, कांद्याचा व्यापारी, मार्केटमधून लांबच लांब व्हॉइस मेसेज टाकतो, मागे लिलाव चाललेला असतो. "अरे, तिच्यावानी पळणारी दुसरी दाखव ना मला. लय मोठी प्लेअर हाय ती." त्याला उत्तर देणारा प्रमोद, कॉलेज रोडला राहतो, कंपनीत इंजिनियर. प्रमोद कधी आवाज चढवत नाही. तो लिहितो — लीगचे गोल बाजूला ठेवा. मोठ्या सामन्यात, निकाल तिच्या स्टिकवर असताना, ती पुढे येते का? आणि मग, नेहमीच, ती जुनी फायनल निघते. राज्याची फायनल. मंजुळा पेनल्टी स्ट्रोकच्या जागेपर्यंत गेली आणि मागे सरली, कॅप्टनला पुढे यावं लागलं. जी तेव्हा घाबरली, प्रमोद लिहितो, ती आतून बदलते का?

बाळू मग विषय बदलून कांद्याचा भाव टाकतो.

प्रमोदच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ग्रुपमध्ये मीही आहे — सगळे मला ताई म्हणतात. वर्षानुवर्षं मी तो वाद वाचला. वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

आता ती फायनल. मी फिरून फिरून तिच्याभोवती येते आहे, मला कळतंय.

सामना नाशिकमध्येच होता. वडील कारखान्यातल्या मित्रांना घेऊन आले होते, पहिल्याच रांगेत बसले होते. शिवाय सगळ्यांना माहीत होतं की नोकऱ्या देणारे लोक सामना बघायला आलेत. समोर पुण्याच्या मुली. एक गोल त्यांचा, एक आमचा. आमचा मंजुळाचा. तिने तीन जणींना चकवून तो मारला तेव्हा सगळं मैदान तिचं नाव घेत होतं, आणि माझे वडीलही उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी ते पाहिलं. खेळता खेळता पाहिलं. कॅप्टनने तेव्हा काय पाहायला हवं होतं?

शेवटच्या मिनिटांत आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. हॉकी न पाहणाऱ्यांसाठी सांगते — चेंडू गोलसमोर ठरल्या जागी ठेवतात, मारणारी एक आणि गोलकीपर एक, बाकी सगळ्यांनी लांब मागे जायचं. आमच्या संघात स्ट्रोक मंजुळाचा, हे सरांनी आधीच ठरवून दिलं होतं. ती गेली, जागेवर उभी राहिली. बाकीच्या मागे निघाल्या. मी निघाले नाही.

मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाजूला हो. मी घेते."

ती म्हणाली, "माला सांगितलंय ना सरांनी. मी मारते, ताई."

ती 'मला'ला 'माला' म्हणायची. आम्ही मुली हसायचो त्याला. मी सगळ्यात जास्त.

"कॅप्टन कोण आहे?" मी विचारलं.

एवढंच. ती मागे सरली.

लोकांनी मैदानाबाहेरून जे पाहिलं ते खरंच आहे. मंजुळा पुढे गेली, मग मागे सरली, मग मी पुढे आले. आम्ही काय बोललो ते मात्र कुणालाच ऐकू गेलं नाही. तिचा चेहरा माझ्यासमोर होता. भीतीचा मागमूस नव्हता. थोडा राग होता, आणि नवल — असं कसं करते ही, असं.

मी स्ट्रोक मारला. गोलकीपरच्या पॅडवर. पुढच्या चढाईत पुण्याने गोल केला आणि आम्ही हरलो.

इथपर्यंतची गोष्ट असती तर मी कुणालाही सांगितली असती. हेवा वाटला, मोठेपणा करायला गेले, तोंडघशी पडले. खेळात असं होतं, लोक हसतात, विसरतात. पण सामन्यानंतर सर खोलीत आले. सगळ्या मुली भिंतीला टेकून बसलेल्या, कुणी रडत होतं. सरांनी सरळ मला विचारलं, "स्ट्रोक मंजुळाचा ठरला होता. तू का घेतलास?"

मी म्हणाले, "ती नको म्हणाली, सर. ऐनवेळी घाबरली."

विचार करायला वेळ घेतला असता, तर? नाही, खोटं बोलायला मला वेळ लागलाच नाही. ते तयारच होतं. गोलपासून परत चालत येतानाच तयार झालं असणार.

सर तिच्याकडे वळले. "काय गं? खरं का हे?"

मंजुळा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खाली बघितलं. तिच्या मराठीला हसणाऱ्या मुलींनी भरलेली ती खोली, समोर सर, आणि मी कॅप्टन — ती काय बोलणार होती? मला हे तेव्हा कळत नव्हतं असं समजू नका. मी त्याच भरवशावर बोलले होते.

सर म्हणाले, "असू दे. लहान आहेस अजून." आणि पुढची सगळी वर्षं, आमच्या जिल्ह्यात असेपर्यंत, तिला पुन्हा स्ट्रोक दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला मैदानाच्या फाटकापाशी भेटली. एकटीच थांबली होती. "ताई, मी नको कधी बोलले?"

तिथे तरी मी सुधारू शकले असते. फक्त ती आणि मी होतो, फाटकाच्या आत कुणी आलंही नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, तुला कळलं नसेल, पण तू घाबरली होतीस. मला दिसत होतं. तुझ्यासाठीच केलं मी."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हो म्हणून मान हलवली आणि मैदानात पळायला गेली.

वडिलांनी तर गोष्टीचं सोनं केलं. पोर घाबरली तेव्हा माझ्या लेकीने ओझं आपल्या खांद्यावर घेतलं, हरली तर हरली पण पळाली नाही — कॉलनीत, कारखान्यात, लग्नाच्या मांडवात, माझ्या सासरच्यांसमोर. किती ठिकाणी सांगितलं त्यांनी. प्रमोदचे वडील त्यांच्याच खात्यात होते. तेव्हा ती फायनल ग्रुपमध्ये कुठून आली, हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

मंजुळा माझ्या मदतीशिवाय वर गेली, म्हणजे मी आड येऊनही वर गेली. राज्य, शिबिरं, देशाचा संघ. मी मनात म्हणायचे, बघ, काय बिघडलं तिचं? पण ती वर जाईल तसा तो डागही वर जात होता. कुठे कुणी समालोचक म्हणायचा, गुणवत्ता आहे, पण दडपणाखाली शंका वाटते. मी आवाज कमी करायचे.

आता सांगायचं ते सगळ्यात वाईट आहे, आणि ते जुनं नाही. याच वर्षीचं आहे.

मोठ्या स्पर्धेचा संघ निवडायच्या आधी ग्रुपने एका रविवारी सकाळी ऑनलाइन गप्पा ठेवल्या. विषय तोच, मंजुळा वर्ल्ड क्लास आहे का. पाहुणी मी. तिची पहिली कॅप्टन, म्हणून. बाळू दुकानात बसून बोलत होता, त्याने तिची बाजू जीव तोडून मांडली. प्रमोदने नेहमीसारखी शांतपणे ती फायनल काढली. मग बाळू म्हणाला, "आता ताईच सांगतील. ताई, तुम्ही तिथं होत्या. ती खरंच घाबरली व्हती का? एकदा क्लिअर करून टाका."

सगळे माझ्याकडे बघत होते. नवरा मागे चहा घेऊन उभा होता. आणि मला आठवतं, बाळूचा चेहरा आशेने स्क्रीनच्या जवळ आला होता.

मी हसले. म्हणाले, "जाऊ द्या ना आता. लहान होती हो ती. प्रत्येकाला भीती वाटते कधी ना कधी. मी तर केव्हाच विसरले."

माफ केलं मी तिला. सगळ्यांसमोर. जे तिने केलंच नव्हतं, त्याबद्दल.

लोकांनी खाली हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. काय मोठं मन, असं कुणी लिहिलं. नवरा म्हणाला, छान बोललीस. बाळूने फक्त "बरं" म्हटलं आणि त्याची खिडकी बंद झाली. कुणीतरी माझं तेवढंच बोलणं कापून सगळीकडे पाठवलं. दोन दिवसांत ते हॉकीवाल्या सगळ्या ग्रुपांत फिरलं. मंजुळापर्यंत गेलं नसेल, असं मी स्वतःला सांगत होते. कसं गेलं नसेल?

ती संघात निवडली गेली. स्पर्धेतल्या बाद फेरीच्या सामन्यात बरोबरी असताना भारताला स्ट्रोक मिळाला आणि तो घ्यायला मंजुळा पुढे आली. मी घरी टीव्हीसमोर होते. ती चेंडूपाशी उभी राहिली, मग मागे झाली, मग पुन्हा पुढे. पंचाने हाताने खूण केली, लवकर घे. मी तिला अंगाने ओळखते, तिच्या मागे वर्षानुवर्षं खेळले आहे. त्या फायनलला तिच्या अंगात भीती नव्हती. या वेळी होती. खांदे वर आलेले, मान आखडलेली. तिने मारला तो चेंडू गोलकीपरने सहज अडवला.

ग्रुपवर प्रमोदने फक्त माझं ते हसून बोललेलं पुन्हा टाकलं. बाळूने पहिल्यांदा मान्य केलं. "तुमचंच बरोबर हाय, भाऊ." वाद संपला. इतक्या वर्षांचा वाद.

ती भीती मी तिला दिली का? की इतक्या मोठ्या सामन्यात ती कुणालाही वाटली असती? मला सांगता येत नाही. पण तिच्यावर निकाल लावणाऱ्यांनी पुरावा म्हणून जे धरलं होतं, ते माझं खोटं होतं, एवढं मला सांगता येतं.

ती परत आल्यावर मी फोन केला. तिने उचलला. आता ती 'मला' म्हणते, 'माला' नाही. मी काही प्रस्तावना केली नाही. म्हणाले, "मंजुळा, तू नको म्हणाली नव्हतीस. मी तुला बाजूला केलं, आणि सरांना खोटं सांगितलं."

पलीकडे कुणीतरी हाका मारत होतं, चेंडूंचे आवाज येत होते. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं आधी. मग तू म्हणालीस, तुला दिसत होतं. तेव्हापासून मला नक्की माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तेच शोधत होते ताई, की मला तेव्हा भीती कुठे वाटली होती."

मी म्हणाले की मी हे सगळ्यांना सांगणार आहे. ग्रुपवर, माझ्या नावाने. नवऱ्याला आधी.

"सांग," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी सांगतेस, असं म्हणू नको."

आणि तिने फोन ठेवला.

म्हणून तुमच्यापाशी तसं म्हणत नाही, आणि घरी आणि ग्रुपवर सांगतानाही म्हणणार नाही.