मार्थाताईंची वाटी

सत्यनारायणाचा शिरा झाला की नैवेद्याआधी मी एक वाटी वेगळी काढून झाकून ठेवते. ती शेजारच्या मार्थाताईंची. देवापुढे ठेवलेलं त्या खात नाहीत. नाताळात माझ्यासाठी बिनअंड्याचा केक मात्र आठवणीने करतात.

मागच्या पूजेला सासूबाईंनी टोकलं, "देवाच्या आधी माणसाला वाढतेस?"

मार्थाताई दारातच होत्या. आता परत फिरतील, असं मला वाटलं. पण त्या आत आल्या, वाटी हातात घेतली आणि डोळे मिटून प्रार्थना केली.

"अगंबाई, हिनेही नैवेद्यच दाखवला की!" सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो, आजी," मार्थाताई हसल्या. "समजावून सांगेन, पण शिरा गार होईल."

ते समजावणं अजून बाकीच आहे. आज सासूबाईंनीच विचारलं, "तिची वाटी काढलीस ना?"