बिडीची वैरीण

आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींइतका बिडीचा दुस्वास अख्ख्या बडोद्यात कुणी केला नसेल. वाडी भागातल्या त्यांच्या गल्लीत कुणी बिडी पेटवली, की या पदर खोचून हजर. एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याच्या ओठांतली बिडी काढून गटारात टाकली आणि वर त्याच्याच रिक्षातून कारेलीबागेत आमच्याकडे आल्या. "भाई, फेफसां सडी जशे!" फुफ्फुसं सडतील, हे त्याला वाटभर ऐकवत. बिडी ओढून आलेल्याला त्यांच्या घरी चहा मिळत नसे; जावई बिचारा लवंग चघळतच सासुरवाडीला येई.

बाकी कारभारही निराळाच. सरकारी योजनेतला गॅस घरी आला, तर शेगडीवर भरतकामाचा रुमाल घालून तो पाहुण्यांसाठी राखून ठेवला. रोजचं रांधणं चुलीवरच, तेही बिनखिडकीच्या खोलीत. सरपण म्हणजे गल्लीतल्या सुतारांकडचे पॉलिश लागलेले प्लायचे तुकडे. "फुकट मिळतंय, आणि डास पण नाय राहत," म्हणायच्या. खोकला आला की दोष तव्याला. दर रविवारी आम्हाला त्या चुलीवरची बाजरीची भाकरी आणून देत. पाहुणे आल्यामुळे कधी गॅसवरची आली, तर मी ओळखून परत पाठवायचो, इतकी माझी जीभ लाडावलेली.

आमचा जिना चढताना त्यांना दोनदा बसावं लागलं, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "माजी, केटलां वरसथी बीडी पीओ छो?" किती वर्षं बिडी ओढता, हे ऐकताच मावशी ताडकन उठल्या. आता डॉक्टरांची धडगत नाही, असं मला वाटलं. पण डॉक्टरांनी घरी स्वयंपाक कशावर करता ते विचारलं आणि शांतपणे सांगितलं, की चुलीच्या धुरानंही छाती अशीच होते. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपा. मी हबकलोच. उभ्या जन्मात बिडी न ओढलेली बाई! मावशी पुन्हा खाली बसल्या.

बाहेर आम्ही बाकावर बसलो. मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही तर शाळेत सायन्स शिकवायचात. तुम्हाला ठाऊक होतं काय हे?"

ठाऊक होतं. धूर, फुफ्फुसं, सगळं फळ्यावर काढून मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. माझ्या ताटातल्या भाकरीशी त्याचा संबंध मात्र कधी लावला नव्हता.

शेवटी त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. भाकरी आवडायची ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण धाप लागली. त्यांचा श्वास बसेपर्यंत मी थांबलो.