मावशींची पाच बटणं

आमच्या तलासरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघं. सकाळी मी, दुपारी वेवजीहून येणारे भाऊसाहेब. दोघंही कारकून, दोघंही हट्टी. मला अक्षरं मोठी लागत, पाठचा रंग करडा लागे आणि वरची बटणांची रुंद पट्टी डोळ्यांसमोर नको असे, कोपऱ्यात मोजकी बटणं पुरत. भाऊसाहेबांना बरोबर उलट. रोज सकाळी मशीन सुरू केलं की माझं डोकं फिरायचं. "मेल्याने परत सगळं हलवलं!" म्हणत मी एकेक सेटिंग बदलत बसायची. भाऊसाहेब दुपारी तेच करत, वर "नाचता येईना अंगण वाकडं" हेही ऐकवत.

हा तमाशा हातात चहाचा ट्रे घेऊन रोज बघायच्या आमच्या शिपाई मावशी, झरी गावच्या. दहावी झालेल्या. २०१६ साली त्यांना कारकून व्हायची संधी आली, पण कॉम्प्युटरची परीक्षा पास करायची होती, तीही पंचेचाळिशीच्या आत. मावशींचं चव्वेचाळीस सरत आलेलं. म्हणजे एकदाच. नापास झाल्या तर निवृत्तीपर्यंत फायली उचलणं आलं.

"मॅडम, तुम्ही शिकवाल?"

"शिकवते की! त्यात काय मोठंसं?"

वरच्या पट्टीवरची शंभर चिन्हं बघून मावशी बावरायच्या. म्हणून मी हुशारी केली. ती पट्टीच लपवली आणि कोपऱ्यात फक्त पाच बटणं मांडून दिली: नवं पान, मोठं अक्षर, ठळक अक्षर, तक्ता, छपाई. मावशी भराभर पत्रं करायला लागल्या. डावीकडून चौथं म्हणजे तक्ता, बघायचीसुद्धा गरज नाही. मी मनातून जाम फुगले होते.

परीक्षा डहाणूला. सोबत मीच गेले. मावशी आत बसल्या, मी बाहेरच्या बाकावर भजी खात होते. सहज खिडकीतून स्क्रीन दिसला. रुंद पट्टी, शंभर चिन्हं! भजी बाकावर टाकून मी खिडकीला चिकटले. मावशींनी असा न बदललेला स्क्रीन कधी हाताळलाच नव्हता. माझ्या शहाणपणापायी या बाईचं वाटोळं झालं, असं वाटून मला चक्क रडू आलं. एकेक जण पेपर संपवून बाहेर पडला, मावशींचा पत्ता नाही.

शेवटी आल्या त्या हसत.

"पत्र झालं, तक्ता झाला. आधी पाच मिनिटं पट्टी लपवून बटणांची मांडामांड केली, तुमच्यासारखी."

"ती मी कधी शिकवली तुम्हाला?"

"रोज सकाळी भाऊसाहेबांना शिव्या घालत करता की! दोन वर्षं बघतेय."

मी त्यांना मिठीच मारली. मग विचारलं, "पण एवढा उशीर कशाला?"

"सगळं परत होतं तसं लावलं ना. तिथं पुढच्या पाळीचा माणूस बसेल. दुसऱ्याच्या चुलीवर रांधलं, तर सारवून निघावं."



महिन्याभराने निकाल लागला, मावशी पास झाल्या. पण मी निकालापर्यंत थांबले नव्हते. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी जागेवरून उठण्याआधी अक्षरं लहान केली, रंग पांढरा केला, रुंद पट्टी परत आणली. भाऊसाहेब येऊन बसले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम," ते काळजीने म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"