सहा ते अकरा बंद

आमच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी बायकोला एसीत गोठवून मारलं, अशी बातमी परवा मला दूधवाल्याने दिली. बातमीत मोजून तीन चुका. वहिनी मेलेल्या नाहीत, दोन गल्ल्या पलीकडे धाकट्या बहिणीकडे राहतात. त्यांना थंडीने काही झालं नाही, झालं ते उकाड्याने. आणि एसी लावल्यामुळे नाही, बंद ठेवल्यामुळे. माझी आणि त्यांची भिंत एकच आहे, तेव्हा माझी बातमी पक्की समजा.

घड्याळजी बेचाळीस वर्षं चौकातल्या टपरीएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले. दुकान विकलं, पण माणूस अजून सेकंदाला पक्का. लग्नाला नवरी सात मिनिटं उशिरा आली होती, हे ते आजही आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवतात. काटे नसलेल्या घड्याळाला ते घड्याळच मानत नाहीत. आकडे उमटणारं एखादं कोणी दुरुस्तीला आणलंच, तर मेलेलं झुरळ उचलावं तसं चिमट्यात धरून परत द्यायचे. "हे रेडिओवाल्याकडे न्या."

उन्हाळ्याच्या तोंडावर वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग दोन महिने पलंग. पलंग टाकला पश्चिमेच्या खोलीत, कारण दुसऱ्या खोलीत दोनशे घड्याळं राहतात आणि त्यांना धूळ चालत नाही. पश्चिमेची भिंत दुपारी तापायला लागते आणि संध्याकाळी सातला तिच्यावर पापड भाजून घ्यावा. डॉक्टरांनी बजावलं, "खोली गार ठेवा, नाहीतर पडून पडून पाठीला जखमा होतील." घड्याळजींनी एसी आणला. मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटला. पाझर फुटला तो एसीला, आणि तोही माझ्या गॅलरीत.

पहिला आठवडा त्यांनी एसी वापरला नाही, मोजला. डब्यावर पंधराशे वॉट लिहिलंय म्हणून तासाला दीड युनिट धरणारे आपण सगळे अडाणी. मशीन सारखं ओढत नाही, खोली गार झाली की थांबतं, तापली की पुन्हा सुरू होतं. हे टिपायला ते स्टॉपवॉच घेऊन वहिनींच्या पायथ्याशी बसले.

"अठ्ठावीस मिनिटं चालू, नऊ बंद," ते पुटपुटले.

"अहो, जरा पाणी द्या."

"थांब. आता सुरू होईल, चुकेल."

हिशेब निघाला तासाला एक पूर्णांक तेरा शतांश युनिट. त्यापुढचे अंश त्यांनी सोडून दिले. उदारता म्हणतात ती हीच.

मग वीज कंपनीचा कागद आला. दोन पर्याय होते. एक साधा, चोवीस तास एकच दर, युनिटला नऊ रुपये. दुसरा वेळेनुसार: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत सहा रुपयांचा दर, सहा ते अकरा चौदाचा, अकरानंतर सकाळपर्यंत सातचा. आपण असा कागद फ्रीजवर चिकटवून विसरतो. घड्याळजींना मात्र तो पाहून भरून आलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी वेळेची किंमत छापून पाठवली होती. त्यांनी त्याच दिवशी सही केली.

ठरलं असं: दुपारी एकला एसी चालू, सहाच्या ठोक्याला बंद. सहा ते अकरा पंखा, अकरानंतर भिंत निवते म्हणून तोच पंखा. रिमोट त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी.

"अहो, आत्ता तर खरी भिंत तापलीये," पलीकडून वहिनींचा आवाज यायचा. "अर्धा तास लावा."

"सहा ते अकरा चौदा आहे."

"माझं अंग भाजतंय."

"अंग भाजायला दर नाही लागत. एसीला लागतो."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी ते मलाही ऐकवलं. मी हसले. खोटं कशाला बोलू, वाक्य चांगलंच होतं.

वहिनींना आधी घामोळं आलं, मग फोड, मग माकडहाडाजवळ रुपयाएवढी जखम. मी संध्याकाळी ओल्या फडक्याने पाठ पुसायला जायची. त्या उशीत तोंड खुपसून दात आवळायच्या. बाहेरच्या खोलीत घड्याळजी एकेका घड्याळाला चावी देत असायचे.

पहिलं बिल आलं आणि त्यांचा चेहरा पडला. साध्या दराने आलं असतं त्याच्या दीडपट. त्यांनी तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर, म्हणजे माणूस खोटा.

"शेजारीणबाई, मी भाजी आणायला जातो तेव्हा हिला एसी लावून देता का?"

"रिमोट तुमच्या खिशात. मी काय फुंकर मारून लावते?"

"कोणीतरी लावतंय. एकाच माणसाला उकडतंय या घरात."

त्या दिवसापासून रिमोटमधल्या बॅटऱ्याही काढून त्यांनी दुसऱ्या खिशात ठेवल्या. वहिनींशी बोलणं बंद केलं. चोराशी काय बोलायचं? वहिनींना तर पलंगावरून खाली पाय टेकवता येत नव्हता, पण हिशेब जुळत नसेल तर तेवढंही शक्य असावं.

दुसरं बिल तसंच आलं. तेव्हा घड्याळजींनी कंपनीला चार पानी पत्र धाडलं. कंपनीचा मीटरवाला सकाळी सव्वाअकराला आला, जिन्याखालच्या मीटरचं बटण दोनचारदा दाबलं आणि म्हणाला, "काका, ह्यात आत्ता सव्वाचार वाजलेत."

"कशात?"

"मीटरच्या घड्याळात. पाच तास पुढे आहे. बसवतानाच चुकलंय. तुम्ही कधी बघितलं नाही? दर दहा सेकंदांनी वेळ येते की समोर."

घड्याळजींनी बघितलं नव्हतं. ते आकड्यांचं घड्याळ होतं.

मी शेजारीच उभी होते. त्यांचे ओठ हलताना पाहिले. दुपारी एक म्हणजे मीटरचे संध्याकाळचे सहा. संध्याकाळचे सहा म्हणजे मीटरचे रात्रीचे अकरा. चालू ठेवला ते पाचही तास चौदाच्या दराने, आणि बायकोला शिजत ठेवली ते पाचही तास नुसत्या सातच्या. एक तासही इकडचा तिकडे नाही. घड्याळवाल्याला शोभेल इतकी नेमकी चूक. ते जिन्याच्या पायरीवर बसले.

मी मात्र बसले नाही. तीन जिने धापा टाकत चढले आणि वहिनींना सगळं सांगितलं. अशी बातमी पोटात ठेवून मला अन्न गेलं नसतं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि फक्त वॉकर जवळ सरकवायला सांगितला. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात उभं राहायला परवानगी दिली होती. संध्याकाळी घड्याळजी सवयीने एसी बंद करायला आत आले, तेव्हा वहिनी दाराकडे चालत निघाल्या होत्या. खाली बहीण गाडी घेऊन थांबली होती. एका जिन्याला वीस मिनिटं लागली. घड्याळजी वरून म्हणाले, "अगं, सावकाश." त्या वर बघितल्याशिवाय उतरल्या.

कंपनीने चूक कबूल केली, पैसे परत केले, शिक्क्यानिशी पत्र दिलं. अकराव्या दिवशी ते पत्र इस्त्रीच्या शर्टात घालून घड्याळजी बायकोला आणायला निघाले. मी सोबत गेले, असा खेळ चुकवायची माझी प्राज्ञा नाही. बहिणीच्या बैठकीत एसी चालू होता आणि वहिनी अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या.

घड्याळजींनी पत्र पुढे केलं. "चूक कंपनीची होती. लिहून दिलंय त्यांनी."

वहिनींनी पत्र हातात घेतलं नाही. "मी चोरून एसी लावते म्हणालात, ते कुठे लिहिलंय त्यात?"

घड्याळजींनी खरोखरच पत्र उलटून पाहिलं. बहिणीला हसू आवरेना, ती आत गेली.

"मी आता साधा दर घेतलाय," ते म्हणाले. "नऊचा. केव्हाही लाव. रिमोट तुझ्याकडे."

"मला तुमचा रिमोट नको. माझी पाठ भरून येईपर्यंत मी इथे आहे. त्यानंतरही इथेच आहे."

"मग मी काय करू?"

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "सहा वाजले. या घरात तुम्ही आता महाग पडता. निघा."

घड्याळजींनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, मग भिंतीवर बघितलं. उठले नाहीत.

"पाच छप्पन्न झालेत," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. मी बसतो."