पाच हातांची माळ

हौसामावशी पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी माझ्या दाराचा उंबरा मोजला. वाकून, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात टेकवून, दोनदा. मग कंबर सरळ करत म्हणाल्या, "दोन हात. पुढच्या टायमाला तोरण आणते, वकीलबाई. दार लय बोडकं दिसतंय." कोर्टाजवळच्या त्या खोलीत मी नुकतीच स्वतंत्र वकिली सुरू केली होती आणि माझी अशिलांची यादी दाराहूनही बोडकी होती.

मावशी सायखेड्याच्या. गोदाकाठी त्यांचा झेंडूचा मळा. फुलं खुडायची, माळा ओवायच्या आणि नाशिकच्या बाजारात आणून विकायच्या, यात त्यांचा जन्म गेला. जगातली प्रत्येक वस्तू त्यांना हार घालण्याजोगीच दिसायची. माझं टेबल, न्यायाधीशांची खुर्ची, झेरॉक्सचं मशीन, सगळं त्यांनी हातांनी मोजून ठेवलं होतं. झेरॉक्सवाल्याने एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "तुझ्या पोटाचं साधन हाय ना रं? मंग त्याला वर्सातून एक माळ नको?"

त्या आल्या होत्या मुलासाठी. संदीप सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर कामाला होता. एका सकाळी तो त्या प्रेसमध्ये सापडला आणि गेला. पाठीमागे बायको मनीषा आणि चार वर्षांची ईश्वरी. कारखाना भरपाई द्यायला तयार होता, पण तडजोडीच्या कागदात एक वाक्य होतं: मशीनपुढची संरक्षक जाळी कामगाराने त्या दिवशी स्वतःच काढली आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तो मरण पावला. कारखान्यावर पुढे वेगळा खटला होऊ नये, म्हणून त्यांना ते वाक्य हवं होतं.

मी मावशींना सही करा म्हणाले. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले. मृत्यू झाला की भरपाई देताना चूक कुणाची हे कायदा फारसं पाहत नाही, वाक्य असलं काय नि नसलं काय, मनीषाला मिळायचं ते मिळेल, असा माझा हिशेबी युक्तिवाद होता.

"निष्काळजी म्हंजी?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे चूक त्याचीच होती."

"मंग नाय." त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढला. विचार करायचा झाला की त्यांच्या हातात सुई लागायची. "ईश्वरी आता बालवाडीत जाती. उद्या वाचाया शिकंल. हा कागद घरातच राहणार ना? बाप आपल्या चुकीनं मेला, असं तिनं आमच्याच घरात वाचायचं का?"

मी चिडले. खटला किती वर्षं चालेल, मनीषाने तोवर काय करायचं, सगळं ऐकवलं. मावशींनी शेजारी बसलेल्या मनीषाकडे पाहिलं. ती इतका वेळ भिंतीकडे बघत होती. "आई म्हणतात तेच," ती म्हणाली. झालं! दोघींनी मिळून मला गप्प केलं. मग मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमी नेहमी थोडक्यात सांगता, बाई. आज सगळा कागद वाचून दाखवा."

त्यांना अक्षरओळख नव्हती आणि मला घाई असायची, म्हणून आजवर मी सारांशावर भागवलं होतं. त्या दिवशी पहिल्या ओळीपासून वाचलं. 'त्या दिवशी' या शब्दांवर त्यांची सुई थांबली.

"त्या दिवशी? जाळी तर दसऱ्यालाच नव्हती."

दर दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची आणि संदीपच्या मशीनला माळ आईच्या मळ्यातली. तिन्ही बाजूंच्या जाळीवरून फिरवायची म्हणून पाच हातांची. शेवटच्या दसऱ्याला तो म्हणाला होता, 'आई, औंदा तीनच हात कर. वरच्यांनी जाळी काढलीय, काम पटापट व्हावं म्हणून.' ही गोष्ट अपघाताच्या चार महिने आधीची.

"मावशी, हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"माळंची गोष्ट कोर्टात कशाला सांगंल कुणी?" त्यांनी मान खाली घातली. "आन् मी इचारलं पण नाय गं पोरी, जाळीबिगर हाताला इजा तर नाय व्हायची म्हणून. सणाला फुलं महाग. दोन हात फुलं वाचली, म्हणून मी खूस झाले." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मलाही पुढचं वाचता येईना.

संदीप दर दसऱ्याला आईला माळ दाखवायला मनीषाच्या फोनवर फोटो पाठवायचा. चार वर्षांचे चारही फोटो होते. पहिल्या तिन्हींत जाळी आणि तिच्यावर भरगच्च झेंडू. चौथ्यात नुसत्या मशीनच्या कपाळावर तीन हातांची माळ. आम्ही सही केली नाही. खटला चालवला.

उलटतपासणीत समोरचे वकील मावशींना म्हणाले, "तुम्हाला मशीनमधलं काय कळतं?"

"काय बी नाय, साहेब. मला माळंतलं कळतं. पाच हाताची तीन हाताची झाली, म्हंजी दोन हातांची वस्तू तिथून गेली. कोणी नेली, ते तुमी सांगा."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तो चौथा फोटो पुन्हा मागवला.

निकाल लागायला तीन वर्षं गेली. जाळी अपघाताच्या कितीतरी आधीपासून नव्हती, दोष कामगाराचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी तो निकाल मावशींना सगळा, एकही ओळ न गाळता वाचून दाखवला. तोवर ईश्वरी दुसरीत गेली होती. शेवटचं पान तिने अडखळत स्वतः वाचलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी माझ्या दाराला तोरण बांधायला आल्या. पिशवीत आणखी एक माळ होती. "ही सातपूरला पाठवायचीय," त्या म्हणाल्या. मी थक्क झाले. ज्या मशीनने मुलगा नेला, त्याला माळ?

"मशीनीला नाय गं. तिथं आता दुसऱ्या कोणाचा लेक उभा राहत आसंल. पाच हाताची केलीय. जाळी बसवली आसंल तर बरोबर बसंल. नसंल, तर खाली लोंबंल. मंग आपण परत कोर्टात."

संदीपच्या जुन्या सोबत्याने माळ नेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर फोटो पाठवला. मी तडक सायखेड्याला गेले. मावशींनी फोन हातात घेतला आणि पडद्यावरच्या माळेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जाळीच्या तिन्ही बाजूंनी. मग तेच बोट पुन्हा उलट फिरवलं.

"पुरली," त्या म्हणाल्या. आणि एवढ्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.