किसनभाऊचा पालथा डोंगा

आमच्या मागच्या अंगणाची भिंत कमरेएवढीच, त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. त्यात उन्हाळ्यात तलाव आटला आणि शेजारच्या किसनभाऊनं मासेमारीचा डोंगा ट्रॅक्टरवर घालून आणला, अंगणात विटांवर पालथा घातला. मग तर विचारूच नका! मागच्या पावसाळ्यात हाच डोंगा भर तलावात बुडाला होता. किसनभाऊ कसाबसा पोहत आला. "आता पक्का झाल्याबिगर पाय नाही ठेवाचा," असं सुमननं नवऱ्याला बजावलं होतं.

*

दुरुस्तीला गोंदियाचा श्यामलाल मिस्त्री डोंग्याबरोबरच आला. ट्रॅक्टरवरून दोऱ्या सुटायच्या आधीच म्हणतो, "भाभीजी, एक बूंद पानी नहीं आएगा!"

सुमन भिंतीशी येऊन मला हळूच म्हणाली, "बाई, यानं अजून भोक तं पाह्यलंच नाही!"

*

एका दुपारी डोंग्याभोवती बांधलेल्या ताडपत्रीमागून धूर. चुलीवर डबा, डब्यावर झाकण. दिवस मोहफुलांचे! दारूच गाळताहेत, माझा संशय बळावला. साखर मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन गेले आणि पटकन झाकण उचललं.

डांबर!

किसनभाऊ म्हणाला, "वैनी, वाटीत देऊ का?"

*

फळ्यांच्या फटीत चिंध्या कोंबून वरून डांबर भरणं चाललं होतं. एका फटीतून हिरवा काठ डोकावला. काठ ओळखीचा वाटला.

"मिस्त्री, ही माझी साडी कायले कोंबून राहिला?"

"आपके साहब ने ही दी. बोले, पुरानी है."

त्या दिवशी आमचे हे जेवायला फार उशिरा आले.

*

मिस्त्रीनं घाईघाईनं निळा रंग फासला. "रंगाखाली काय लपवून राहिलास गा?" म्हणत सुमननं डोंगा सुलटा करायला लावला आणि आत बादल्या ओतल्या. आतलं पाणी बाहेर झिरपलं, की भोक सापडतं.

बुडाशी थेंब जमले.

"पसीना है भाभी. गर्मी देखो कितनी है!"

रंग खरवडून पुन्हा डांबर भरावं लागलं.

*

तलाव भरला. डोंगा पाण्यात लोटला, नारळ फुटला, सारा मोहल्ला तलावाच्या पाळीवर उभा. किसनभाऊ चढणार तोच सुमननं त्याचा शर्ट मागून धरला.

"आधी मिस्त्रीले बसू द्या!"

"अरे, बैठता हूँ ना! एक बूंद नहीं आएगा!"

मिस्त्रीनं हसत एक पाय उचलला. मग तो खाली ठेवला. खिशातला मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"भाभीजी, जरा पकड़ना."